छोटा प्रोसेसर एमुलेटर बनवायचाय? मग हे प्रश्न तुम्हालाही पडणारच

एमुलेटर बनवतोय म्हटलं की लोक फिरून फिरून तेच विचारतात, म्हणून एकदाच बसून सगळं लिहून टाकलंय. क्रम वगैरे फार नाहीये, जसं आठवलं तसं आहे. काही उत्तरं लांबलीत कारण तिथेच सगळे अडकतात, मीही अडकलो होतो.

प्र. एमुलेटर म्हणजे नक्की काय? चिप बनवायची का?

नाही हो, चिपबिप काही नाही. प्रोसेसर दिवसभर काय करतो, तर मेमरीतून एक आकडा उचलतो, त्याचा अर्थ लावतो, सांगितलं ते करतो आणि पुढचा आकडा उचलतो. हेच काम तुमच्या प्रोग्रॅमने केलं की झाला एमुलेटर. रजिस्टर म्हणजे तुमचे व्हेरिएबल, मेमरी म्हणजे एक ॲरे, आणि इन्स्ट्रक्शन ओळखायला एक लांबलचक स्विच. सुरुवातीला खरंच एवढंच असतं.

सिम्युलेटर आणि एमुलेटर हे शब्द लोक सरमिसळ वापरतात, त्यावरून भांडण्यात अर्थ नाही. ढोबळमानाने, बाहेरून वागणं हुबेहूब ठेवतो तो एमुलेटर, आणि आतली यंत्रणा कशी चालते तेही उभं करतो तो सिम्युलेटर. या दुसऱ्या प्रकाराचं टोक बघायचं असेल तर २०१० च्या सुमाराचा व्हिज्युअल ६५०२ बघा, त्या लोकांनी ६५०२ चिपचे मायक्रोस्कोपखाली फोटो काढले, त्यातून साडेतीन हजारांच्या आसपास ट्रान्झिस्टर आणि त्यांच्या जोडण्या काढल्या आणि ते सगळं ब्राउझरमध्ये चालवून दाखवलं. तारा रंग बदलताना दिसतात. आपल्याला तितकं खोल जायचं नाहीये.

प्र. मला इलेक्ट्रॉनिक्स अजिबात येत नाही, जमेल का?

जमेल. ॲरे, लूप, स्विच आणि बायनरीत अँड, ऑर, शिफ्ट एवढं येत असेल तर पुरे. वायरिंग, व्होल्टेज यातलं काहीही लागत नाही.

प्र. सुरुवात कुठल्या प्रोसेसरपासून करू?

इथे लोक पहिली चूक करतात, थेट गेम कन्सोलला हात घालतात आणि तीन आठवड्यांनी फोल्डर बंद करून टाकतात. माझा सल्ला असा की पहिला एमुलेटर एका संध्याकाळी उभा राहील इतका छोटा घ्या, मग मोठं.

सगळ्यात छोटा म्हणजे लिटल मॅन कॉम्प्युटर. ही खरी चिप नाही, १९६५ साली एमआयटीत शिकवण्यासाठी तयार केलेलं कागदावरचं मशीन आहे. मेमरीची १०० घरं, ०० ते ९९, प्रत्येक घरात तीन आकडी संख्या, आणि सगळं दशमानात, त्यामुळे हेक्स-बायनरीची कटकटच नाही. पहिला अंक काय करायचं ते सांगतो, उरलेले दोन कुठल्या घरावर करायचं ते. हिशोबाचा चालू आकडा एका वेगळ्या जागेत, ॲक्युम्युलेटरमध्ये, राहतो, मिळवणं-वजा करणं-तपासणं सगळं त्याच्यावर. १ म्हणजे मिळव, २ म्हणजे वजा कर, ३ म्हणजे ठेव, ५ म्हणजे आण, ६ म्हणजे उडी, ७ म्हणजे शून्य असेल तर उडी, ८ म्हणजे शून्य किंवा धन असेल तर उडी, ९०१ म्हणजे इनपुट, ९०२ आउटपुट, ००० थांब. संपली यादी.

त्यानंतर चिप-८. नावात चिप असली तरी हाही खरा प्रोसेसर नाही, १९७० च्या दशकाच्या मध्यात जोसेफ वाइसबेकर यांनी आरसीए कंपनीच्या १८०२ प्रोसेसरवर चालणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरसाठी बनवलेला इंटरप्रिटर आहे, म्हणजे तुम्ही एका काल्पनिक मशीनचा एमुलेटर लिहिता. ४ केबी मेमरी, १६ रजिस्टर, ६४ बाय ३२ ठिपक्यांचा स्क्रीन, १६ बटणं, आणि पस्तीसेक इन्स्ट्रक्शन. मजा ही की स्क्रीनवर चित्र दिसतं, आणि चित्र दिसलं की उत्साह टिकतो.

खरी चिप हवी असेल तर ६५०२ किंवा ८०८०. दोन्ही आठ बिटी, दोघांचा ॲड्रेस सोळा बिटी, म्हणजे ६४ केबी मेमरी. ८०८० आला १९७४ मध्ये, ६५०२ १९७५ मध्ये. मला स्वतःला ६५०२ आवडतो कारण रजिस्टर मोजकेच आहेत, ए, एक्स, वाय, स्टॅक पॉइंटर, प्रोग्रॅम काउंटर आणि फ्लॅग (मागच्या हिशोबात शून्य आलं का, ऋण आलं का असं सांगणारे एकेक बिट), सगळं एका नजरेत मावतं. ज्यांनी ८०८५ शिकलाय त्यांना ८०८० पटकन जमेल, इन्स्ट्रक्शन जवळपास त्याच आहेत. एक्स८६ ला (बहुतेक लॅपटॉपमध्ये असतो त्या घराण्याला) मात्र पहिल्या फेरीत हात लावू नका, नंतर स्वतःच्या जबाबदारीवर.

प्र. कुठली भाषा वापरू?

जी येते ती. स्क्रीनवर काही दाखवायचंय तर जावास्क्रिप्ट सोपी पडते कारण ब्राउझर सगळीकडे असतो. पायथनमध्ये पण चालतं, वेग कमी पडेल, पण शिकायला तसाही हळूच चालवायचाय. एकच गोष्ट सांभाळा, ज्या भाषेत आठ बिटी टाइप नाहीये तिथे प्रत्येक बेरजेनंतर २५५ सोबत अँड करायला विसरलात की रजिस्टरमध्ये ३०० बसेल आणि तुम्हाला कळणारही नाही.

प्र. फेच, डीकोड, एक्झिक्यूट म्हणतात ते कोडमध्ये कसं दिसतं?

लिटल मॅनसाठी असं, अगदी चार ओळींत (पीसी म्हणजे प्रोग्रॅम काउंटर, पुढची इन्स्ट्रक्शन कुठल्या घरात आहे तो आकडा):

इन्स्ट्रक्शन = मेमरी[पीसी]
पीसी = पीसी + १
काम = इन्स्ट्रक्शन भागिले १००, फक्त पूर्णांक
घर = इन्स्ट्रक्शन भागिले १०० ची बाकी

आणि मग काम या आकड्यावर स्विच. दुसरी ओळ कुठे आहे ते नीट बघा. पीसी आधी वाढवायचा, मग काम करायचं. उलटं केलंत तर उडी मारल्यावर पीसी परत एकने वाढतो आणि प्रत्येक उडी एक घर पुढे पडते, प्रोग्रॅम चालल्यासारखा वाटतो पण उत्तर येत नाही.

आता हा प्रोग्रॅम बघा, घर ०० पासून:

०० : ९०१
०१ : ९०२
०२ : ७०५
०३ : २०६
०४ : ६०१
०५ : ०००
०६ : ००१

इनपुट घे, छाप, शून्य झालं असेल तर घर ०५ ला जा, नाहीतर घर ०६ मधला १ वजा कर आणि परत घर ०१ ला ये. इनपुटला ३ दिलं तर ३, २, १, ० असं छापून थांबतो. एकदा कागदावर हाताने चालवून पाहा, शेवटचा थांबा धरून बरोबर १६ इन्स्ट्रक्शन होतात. तुमच्या एमुलेटरचा मोजणारा काउंटर १६ दाखवत नसेल तर पुढे जाऊ नका, इथेच शोधा. मी नवीन एमुलेटरची पहिली टेस्ट कायम हीच लावतो, कारण उत्तर बरोबर आणि पावलं चूक असं झालेलं मी बघितलंय.

प्र. व्हिज्युअलायझेशन शेवटी केलं तर चालेल ना? आधी प्रोसेसर पूर्ण करतो.

नाही, आणि या एका मुद्द्यावर मी हट्टी आहे. बघायची खिडकी पहिल्या दिवशी बनवा, पाच इन्स्ट्रक्शन लिहून झाल्या की लगेच. कारण प्रोसेसर कधीही तक्रार करत नाही. तुमच्या साध्या प्रोग्रॅममध्ये चूक झाली तर एरर येते, लाल अक्षरं येतात. इथे काहीच येत नाही. चुकीचा आकडा इन्स्ट्रक्शन म्हणून उचलला तर तो तेही इमानेइतबारे करतो, मग पुढचं, मग त्याच्या पुढचं, आणि लाखभर पावलांनी स्क्रीन काळा राहतो. मूळ चूक कुठे झाली ते तोवर वाहून गेलेलं असतं.

माझा किस्सा सांगतो. ६५०२ मध्ये जवळच्या उड्या असतात त्यांना अंतर एका बाइटमध्ये दिलेलं असतं, आणि ते मागेपुढे दोन्हीकडे जाऊ शकतं, म्हणजे १२८ आणि त्यावरचे आकडे ऋण समजायचे. पाच घरं मागे जायचं असेल तर बाइटमध्ये २५१ असतं. मी ते तसंच २५१ मिळवून टाकलं होतं. लूप मागे यायच्या ऐवजी पुढे निघून गेला, रिकाम्या मेमरीत, आणि तिथे सगळी शून्यं, ६५०२ मध्ये शून्य म्हणजे ब्रेक इन्स्ट्रक्शन. दोन संध्याकाळी मी ब्रेकचा कोड तपासत बसलो, त्या बिचाऱ्यात काहीच चूक नव्हती. शेवटी कंटाळून मेमरीचा नकाशा काढला, प्रत्येक ओळीत २५६ घरं, पीसी जिथे असेल तिथे पिवळा ठिपका. चालवलं, आणि ठिपका लूपच्या शेवटी आला की लूपच्या सुरुवातीच्या घरावर यायच्या ऐवजी त्या घराच्या नेमका एक ओळ खाली पडायचा, त्याच उभ्या रांगेत, एक घर इकडे नाही की तिकडे नाही. एक ओळ म्हणजे २५६. त्या क्षणी डोक्यात लख्ख पडलं की मी ऋण आकडा धन धरलाय. नकाशा काढायला अर्धा तास लागला होता.

प्र. मग नक्की काय काय दाखवायचं?

कमीत कमी चार गोष्टी, आणि त्यातही सगळ्यांना सारखं महत्त्व नाही.

रजिस्टर आणि फ्लॅग हवेतच, आणि आत्ताच्या इन्स्ट्रक्शनने जे बदललं ते वेगळ्या रंगात हवं. नुसते आकडे दाखवले तर माणूस काय बदललं ते शोधत बसतो, डोळे थकतात.

दुसरं, पुढच्या दहाबारा इन्स्ट्रक्शन वाचता येतील अशा, म्हणजे आकडे नाहीत तर त्यांची नावं. यासाठी उलटा अनुवाद करणारा डिसअसेंब्लर लागतो, पण तो म्हणजे तुमच्याच डीकोडरचा भाऊ आहे, काम करण्याऐवजी नाव छापायचं एवढंच. एक सावधगिरी, पीसीच्या मागच्या इन्स्ट्रक्शन दाखवायला जाऊ नका. इन्स्ट्रक्शनची लांबी एक, दोन किंवा तीन बाइट असते, त्यामुळे मागे जाताना कुठून सुरू झाली ते सांगता येत नाही आणि भलतंच वाचलं जातं. मागचं हवं असेल तर जे खरंच चाललं त्याची यादी ठेवा.

तिसरा मेमरीचा नकाशा. माझ्या मते हा सगळ्यात भारी भाग. वाचलं की निळा, लिहिलं की लाल, आणि रंग हळूहळू फिका होत जाऊ दे, अर्ध्याएक सेकंदात. लगेच पुसला तर दिसत नाही आणि कायम ठेवला तर काही वेळाने सगळा नकाशा लाल. फिका होणारा रंग असला की सॉर्टिंगचा प्रोग्रॅम चालताना लाटेसारखं दिसतं, आणि ६५०२ चा स्टॅक, म्हणजे फंक्शनमधून परत कुठे यायचं ते पत्ते ठेवायची जागा, जो कायम २५६ ते ५११ या घरांत असतो, तो श्वास घेतल्यासारखा खालीवर होताना दिसतो. फंक्शनमधून परत यायला विसरणारा प्रोग्रॅम असेल तर तो स्टॅक फक्त एकाच दिशेने सरकत जातो, आणि हे कोड न वाचता कळतं.

चौथं म्हणजे बटणं: एक पाऊल, चालव, थांब, आणि अमुक पत्त्यावर आलास की थांब. वेग कमीजास्त करायची पट्टी ठेवा, आणि ती सेकंदाला एक पाऊल इथपर्यंत खाली जाऊ द्या.

प्र. प्रोग्रॅम आणि डेटा वेगळ्या रंगात दाखवू का?

दाखवा, पण आधीच ठरवून नको. मशीनला तो फरक माहीतच नाही. जे उचलून चालवलं ते कोड, जे वाचलं-लिहिलं तो डेटा, असं चालताना ठरू द्या.

याचं झकास उदाहरण लिटल मॅनमध्येच सापडतं. तिथे इंडेक्स नावाची (पत्त्यात आकडा मिळवून पुढचं घर गाठायची) सोय नाही, मग घर २० पासून ओळीने ठेवलेल्या आकड्यांची बेरीज करायची कशी? तर घर ०२ मध्ये १२० ठेवायचं, म्हणजे घर २० मधलं मिळव. बेरीज दुसऱ्या एका घरात ठेवून द्यायची, मग ५०२ ने ती इन्स्ट्रक्शनच उचलून आणायची, ११५ ने त्यात १ मिळवायचा, घर १५ मध्ये १ ठेवलेला आहे असं धरा, आणि ३०२ ने परत ठेवायची. आता घर ०२ मध्ये १२१ आहे, म्हणजे घर २१ मधलं मिळव. प्रोग्रॅमने स्वतःलाच बदललं. नकाशावर एकच घर कोडच्या रंगाचंही होतं आणि लिहिल्याच्या रंगाचंही, ते बघून जे समजतं ते चार पानं वाचून नाही समजत.

आणि थांबायला विसरलात तर? १९९ नंतर १ मिळवला की २००. पहिला अंक बदलला, म्हणजे आता ती मिळव राहिली नाही, घर ०० मधलं वजा कर अशी झाली. लूप चालूच. हे एकदा संथ वेगात घडताना बघाच.

प्र. डीकोड करायला २५६ केस लिहायच्या का?

लिहिल्या तरी चालतं, लाज वाटायचं कारण नाही. ६५०२ मध्ये अधिकृत ऑपकोड, म्हणजे इन्स्ट्रक्शनचे आकडे, १५१ आहेत, नावं ५६, बाकी सगळे ॲड्रेसिंगचे, म्हणजे आकडा कुठून घ्यायचा त्याचे, प्रकार. त्यामुळे एक टेबल करा ज्यात प्रत्येक ऑपकोडसमोर काम, ॲड्रेसिंग आणि सायकल, म्हणजे घड्याळाचे किती ठोके लागतात ते, लिहिलेत, तेच टेबल डिसअसेंब्लरलाही कामाला येतं.

८०८० मध्ये मात्र बिटांकडे बघा, तिथे रचना इतकी छान आहे की टेबल करणं जिवावर येतं. एका रजिस्टरमधून दुसऱ्यात कॉपी करायच्या सगळ्या इन्स्ट्रक्शन ०१ ने सुरू होतात, पुढचे तीन बिट कुठे ठेवायचं ते, शेवटचे तीन कुठून घ्यायचं ते. बी ०००, सी ००१, असं करत एल १०१, ११० म्हणजे मेमरी आणि १११ म्हणजे ए. मग ०१ १११ ००० म्हणजे बी मधलं ए मध्ये. ६४ इन्स्ट्रक्शन दोन ओळींत झाल्या. फक्त एक सोडून, ०१ ११० ११०, मेमरीतून मेमरीत. त्याला काही अर्थ नाही, म्हणून डिझायनरांनी ती जागा हॉल्टला देऊन टाकली. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी खुर्चीत सरसावून बसलो होतो, आणि माझा एमुलेटर आत्तापर्यंत हॉल्टवर थांबत का नव्हता तेही तेव्हाच कळलं.

प्र. फ्लॅगमध्ये माझा गोंधळ होतोय. कॅरी आणि ओव्हरफ्लो एकच ना?

एकच नाही, आणि इथे निम्मे एमुलेटर मरतात.

आठ बिटांत १०० आणि ५० मिळवले तर १५०. २५५ च्या आत आहे म्हणून कॅरी नाही. पण हेच आकडे चिन्हासह धरले तर कमाल १२७ च मावतं, १५० चे बिट म्हणजे -१०६ होतात. दोन धन मिळवून ऋण आलं, म्हणून ओव्हरफ्लो आहे. आता २०० आणि १०० घ्या, बेरीज ३००, त्यातले २५६ बाहेर पडले, कॅरी आहे, उरले ४४. चिन्हासह बघितलं तर २०० म्हणजे -५६, -५६ अधिक १०० बरोबर ४४, एकदम बरोबर, ओव्हरफ्लो नाही. नियम सोपा आहे, दोन्ही आकड्यांचं चिन्ह सारखं आणि उत्तराचं वेगळं, तरच ओव्हरफ्लो.

वजाबाकीत अजून एक खोडी. ८०८० मध्ये उसना घ्यावा लागला की कॅरी १ होतो. ६५०२ मध्ये बरोबर उलटं, उसना लागला की कॅरी ० होतो, म्हणून तिथे वजाबाकीच्या आधी कॅरी १ करून घ्यावा लागतो. एका प्रोसेसरचा कोड दुसऱ्यात कॉपी केलात की संपलं.

आणि कुठली इन्स्ट्रक्शन कुठल्या फ्लॅगला हातच लावत नाही तेही तितकंच महत्त्वाचं. ६५०२ मध्ये नुसतं आकडा लोड केला तरी झीरो आणि निगेटिव्ह बदलतात, ८०८० मध्ये कॉपी करताना एकही फ्लॅग हलत नाही. ८०८० मध्ये एक रजिस्टर एकने वाढवलं तर कॅरी सोडून बाकी बदलतात, आणि रजिस्टरची जोडी वाढवली तर काहीच नाही. अंदाज करू नका, मॅन्युअल उघडून ठेवा.

प्र. चिप-८ मध्ये स्क्रीन काळाच राहतोय, काय करू?

बहुतेक वेळा तीनपैकी एक कारण. प्रोग्रॅम मेमरीत घर ० पासून भरलाय, तो ५१२ पासून भरायचा असतो, कारण मूळ मशीनवर पहिले ५१२ बाइट इंटरप्रिटरने अडवलेले होते. किंवा इन्स्ट्रक्शन दोन बाइटची असते आणि तुम्ही बाइट उलटे जोडलेत, इथे मोठा बाइट आधी येतो, ६५०२-८०८० च्या नेमकं उलट. किंवा पीसी दोनऐवजी एकने वाढवताय.

चित्र येतंय पण लुकलुकतंय असं असेल तर ते बरोबर आहे, घाबरू नका. तिथे चित्र एक्सॉर करून काढतात, म्हणजे तेच चित्र परत काढलं की पुसलं जातं, आणि हलवायचं म्हणजे पुसून पुढे काढायचं. आणि चित्र काढताना एखादा पेटलेला ठिपका विझला तर शेवटच्या रजिस्टरमध्ये १ येतो, गेममधली टक्कर त्यावरूनच ओळखतात.

शिफ्टची इन्स्ट्रक्शन काही गेममध्ये चालते आणि काहीत नाही ही तक्रारही कायमची. मूळ इंटरप्रिटर दुसऱ्या रजिस्टरमधला आकडा शिफ्ट करून पहिल्यात ठेवायचा, नंतर एचपी-४८ कॅल्क्युलेटरवरच्या आवृत्तीत पहिलंच रजिस्टर जागच्या जागी शिफ्ट व्हायला लागलं. दोन्ही प्रकारचे गेम लिहिले गेलेत, म्हणून सेटिंगमध्ये एक टिकबॉक्स ठेवा आणि विषय संपवा.

प्र. मागे जायचं बटण ठेवता येईल का?

ठेवाच, शिकणाऱ्याला याच्याइतकं उपयोगी काही नाही. लिटल मॅनमध्ये प्रत्येक पावलाला सगळी १०० घरं कॉपी करून ठेवली तरी काही बिघडत नाही. ६४ केबीला ते परवडत नाही, दहा हजार पावलं म्हणजे ६४० एमबीच्या आसपास. तिथे फक्त जुने रजिस्टर आणि ज्या घरात लिहिलं तिथली जुनी किंमत ठेवा. बहुतेक इन्स्ट्रक्शन फार तर एकाच घरात लिहितात, ६५०२ मध्ये फंक्शनला जाताना दोन बाइट लिहिले जातात आणि ब्रेकला तीन, त्यामुळे एकच जागा धरून चालू नका. मेमरीत लिहिणं एकाच फंक्शनमधून जात असेल तर हे दहा ओळींचं काम आहे, पंचवीस ठिकाणी थेट ॲरेत लिहिलं असेल तर देव तुमचं भलं करो.

प्र. वेग खऱ्यासारखा कसा ठेवायचा?

प्रत्येक इन्स्ट्रक्शननंतर झोपायचं नाही, एवढ्या बारीक झोपा ऑपरेटिंग सिस्टिमला जमत नाहीत. स्क्रीनच्या एका फ्रेमचा हिशोब करा. १ मेगाहर्ट्झचा ६५०२ आणि सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे एका फ्रेममध्ये साधारण १६,६६७ सायकल. तेवढ्या सायकल धडाधड चालवा, चित्र काढा, पुढच्या फ्रेमची वाट बघा. ६५०२ ची इन्स्ट्रक्शन कमीत कमी २ आणि जास्तीत जास्त ७ सायकल घेते, म्हणून इन्स्ट्रक्शन नाही तर सायकल मोजा. चिप-८ मध्ये टायमर सेकंदाला ६० वेळा कमी व्हायला हवेत, ते इन्स्ट्रक्शनच्या वेगाला बांधू नका, नाहीतर वेग वाढवला की गेममधली घड्याळंही पळतात.

प्र. असेंब्लर पण लिहावा लागेल?

लागत नाही, पण हाताने आकडे टाकायचा कंटाळा तिसऱ्या दिवशी येतो, आणि असेंब्लर म्हणजे इन्स्ट्रक्शनची नावं लिहिली की त्यांचे आकडे करून देणारा प्रोग्रॅम. दोन फेऱ्यांचा साधा लिहा, पहिल्या फेरीत लेबलं कुठल्या पत्त्यावर येतात ते नोंदवायचं, दुसऱ्या फेरीत आकडे भरायचे. एका फेरीत होत नाही कारण पुढच्या लेबलवर उडी असेल तर त्याचा पत्ता अजून माहीत नसतो.

प्र. माझा एमुलेटर बरोबर आहे हे कसं कळणार?

गेम चालला म्हणजे बरोबर असं नाही, अर्धवट चुकीच्या प्रोसेसरवरही गेम बऱ्यापैकी चालतात. तयार टेस्ट प्रोग्रॅम वापरा. ६५०२ ची एक फंक्शनल टेस्ट मिळते, ती चूक सापडली की स्वतःवरच उडी मारत राहते, म्हणजे पीसी हलला नाही की तो पत्ता लिस्टिंगमध्ये शोधायचा आणि काय चुकलं ते वाचायचं. एनईएसवाल्यांची (निन्टेंडोचा जुना, ६५०२ घराण्याच्या चिपचा गेम कन्सोल) नेसटेस्ट नावाची टेस्ट आहे, तिच्यासोबत बरोबर चाललेल्या प्रोसेसरची जवळपास ९ हजार ओळींची नोंद मिळते. तुमचा एमुलेटर त्याच फॉरमॅटमध्ये छापायला लावा आणि दोन्ही फाइल डिफ करा, म्हणजे ओळीओळीने जुळवून बघा, पहिली वेगळी ओळ जिथे दिसेल त्याच्या आधीच्या ओळीवरची इन्स्ट्रक्शन बहुतेक वेळा गुन्हेगार असते.

प्र. खऱ्या चिपमधले बगही आणायचे का?

आणायचे. ६५०२ मध्ये एका पत्त्यावरून दुसरा पत्ता वाचून उडी मारायची सोय आहे, पण तो पत्ता २५६ च्या पानाच्या अगदी शेवटच्या घरात असेल तर दुसरा बाइट पुढच्या पानातून न घेता त्याच पानाच्या सुरुवातीतून घेतला जातो. तुम्ही ते सुधारलंत तर तुमचा एमुलेटर चिपपेक्षा शहाणा होईल, पण मग तो ६५०२ चा एमुलेटर राहिला नाही ना.

प्र. गेमचे रॉम, म्हणजे मूळ गेमच्या कॉपी केलेल्या फाइल, नेटवरून घेतले तर चालतात का?

जुने झाले तरी व्यावसायिक गेमवर कॉपीराइट असतो. हौशी लोकांनी मोकळे सोडलेले भरपूर प्रोग्रॅम आहेत ते घ्या, नाहीतर स्वतः लिहा, तुमच्याकडे आता असेंब्लर आहे.

प्र. एआयला सांगून लिहून घेतला तर?

लिहून मिळेल, पाच मिनिटांत. पण मग फ्लॅगमध्ये चूक निघाली की ती शोधणार कोण? शिकण्यासाठी करत असाल तर स्विच स्वतः लिहा आणि बटणं-रंग वगैरे कंटाळवाणं काम हवं तर त्याच्याकडून करून घ्या.

प्र. याचा खऱ्या जगात काही उपयोग आहे की नुसता टाइमपास?

टाइमपास असला तरी काय बिघडलं, पण उपयोगही आहे. आयबीएमची १९६४ ची सिस्टिम/३६० मशीन आली तेव्हा जुन्या १४०१ चे प्रोग्रॅम फेकून द्यावे लागू नयेत म्हणून तिच्या काही मॉडेलमध्ये एमुलेशनची सोय होती. आणि १९७५ चा किस्सा तर ऐकण्यासारखाच आहे. अल्टेअर ८८०० नावाचा ८०८० वाला कॉम्प्युटर नुकताच आला होता, पॉल ॲलन आणि बिल गेट्स यांना त्यासाठी बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा लिहायची होती, पण दोघांकडे अल्टेअर नव्हता. ॲलन यांनी हार्वर्डच्या पीडीपी-१० मशीनवर ८०८० चा सिम्युलेटर लिहिला, त्यावरच बेसिक तयार झालं. मग ॲलन कागदी टेप घेऊन अल्टेअरच्या कंपनीकडे अल्बुकर्कीला गेले आणि पहिल्यांदाच खऱ्या अल्टेअरवर ते बेसिक चालवलं. टेप वाचायचा लोडर लिहायचा राहिला होता, तो त्यांनी विमानात बसून लिहिला. चाललं.